दुभत्याची मधुकरी

ज्यांच्या घरी गुरुचरित्राचा सप्ताह होतो त्यांना बाविसावा अध्याय परिचयाचा आहे. प्रचलित क्रमाने वाचणाऱ्यापुढे तिसऱ्या दिवशी तोच प्रथम येतो. गाणगापुरातील एका दरिद्री ब्राह्मणाच्या दारी श्रीनृसिंहसरस्वती माध्यान्हसमयी भिक्षेस उभे राहतात. यजमान याचनेस गेलेला. घरात वाढावयास काही नाही. अंगणात एक म्हैस आहे, पण ती वांझ, म्हातारी, दात पडलेली. माती वाहण्यासाठी ती भाड्याने द्यावी आणि त्यावर दिवस काढावा, एवढाच तिचा उपयोग उरलेला. श्रीगुरू दूध मागतात. गृहिणी म्हशीची अवस्था सांगते. तरीही दोहन करण्याची आज्ञा होते आणि दोन भांडी भरून दूध निघते. ही वार्ता ग्रामाधिपतीच्या कानी जाते, आणि तिच्यामुळेच पुढे श्रीगुरूंचे संगमावरून गावात येणे घडते.

भाविकाला या कथेत कृपा दिसते, आणि ती दिसावी हेच योग्य आहे. परंतु ज्याचे बालपण म्हशींच्या दावणीजवळ गेले त्याच्या मनात आणखी एक प्रश्न उठल्यावाचून राहत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या माऊलीने म्हशीच्या गव्हाणीत काय टाकले असेल? कथा तेथून पुढे निघून जाते. गव्हाणीचा हिशेब सांगणे हे तिचे प्रयोजन नव्हे. पण दूध देऊ लागलेल्या जनावराला कालच्याच मूठभर काडीवर ठेवून चालत नाही, आणि दात नसलेल्या जनावराला तर अख्खा कडबा चावताही येत नाही. जो वर मिळाला तो सांभाळण्याचे काम त्या घरालाच करावे लागले असणार. मला या कामाविषयी लिहावयाचे आहे.

माझे आजोळ भीमेच्या काठी, गाणगापुरापासून काही कोसांवर. तेव्हाचा गुलबर्गा जिल्हा आज कलबुर्गी म्हणून ओळखला जातो, तालुका अफझलपूर. घरात मराठी, शेतात कानडी आणि गोठ्यात दोन्ही. आजी आम्हांशी मराठीत बोले, पण म्हशीला मात्र 'बा, बा' अशी कानडी हाक मारी, आणि म्हैसही त्याच हाकेला मान वळवी. काळ्या जमिनीचा हा मुलूख जोंधळ्याचा आणि तुरीचा. गुरुचरित्राच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायातील भक्त शेतकरी श्रीगुरूंच्या शब्दाखातर उभा हिरवा जोंधळा कापून टाकतो, तो याच मातीतला. येथील तुरीच्या डाळीला तर २०१९ साली 'गुलबर्गा तूर डाळ' या नावाने भौगोलिक मानांकनही मिळाले. तेव्हा येथील म्हशीच्या गव्हाणीत काय असावे हे जमिनीनेच ठरवून दिले आहे. जोंधळ्याचा कडबा, तुरीचे भुसकट, डाळ भरडताना निघालेली चुणी, सरकीची किंवा करडईची पेंड, आणि पावसाळ्यात बांधावरचे गवत.

आजीच्या दिवसाचा मोठा भाग आंबोणात जाई. दुपारी मोठ्या घमेल्यात सरकीची पेंड भिजत पडे. संध्याकाळी तीत चुणी, गव्हाचा कोंडा आणि मुठीने मोजलेले मीठ कालवले जाई. प्रत्येक म्हशीचे घमेले वेगळे. जी भरपूर दूध देई तिचे मोठे, जी आटत आली तिचे लहान. पण जी गाभण असून भाकड होती तिचे घमेले शेवटच्या दोन महिन्यांत पुन्हा मोठे होई. माझ्या बालबुद्धीला हा अन्याय वाटे. ही तर काहीच देत नाही, मग हिला एवढे कशाला, असे मी एकदा विचारले. आजी म्हणाली, "अरे, दूध कासेत नसतं, गव्हाणीत असतं. आणि हिचं तर पुढच्या वर्षाचं आहे."

पुढे पशुवैद्यकाची पुस्तके वाचली तेव्हा या घमेल्यांचा अर्थ आकड्यांत समजला. सुमारे साडेचारशे किलो वजनाच्या म्हशीला दिवसाकाठी १२ किलोंच्या आसपास कोरडा आहार लागतो. हिरवा चारा असेल तर त्यातील पाणी वजा करून हा हिशेब करावयाचा. नुसत्या कडब्यात प्रथिने शेकडा तीन-चारच असतात. त्यावर जनावर जगते, दुभत नाही. म्हणून जीव धरण्यापुरता एक ते दीड किलो खुराक, आणि त्याखेरीज दर दोन लिटर दुधामागे एक किलो, असा ढोबळ नियम आहे. आठ लिटर देणाऱ्या म्हशीस पाच किलोंहून अधिक आंबोण लागते ते यामुळे. गाभणपणाच्या शेवटच्या दोन महिन्यांत पोटातील रेडकू झपाट्याने वाढते, तेव्हा दूध नसतानाही दीड-दोन किलो खुराक जास्त द्यावयाचा. याशिवाय क्षारमिश्रण सुमारे ५० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम, आणि पाणी म्हणेल तेवढे. दुभती म्हैस दिवसाला साठ-सत्तर लिटर पाणी सहज पिते. दुधाचा पाचांत चार भागांहून अधिक अंश पाणीच असतो. हौदाशी कंजूषपणा करणारा गवळी आपल्याच चरवीशी करतो.

आता या हिशेबात तूट पडली तर काय होते? प्रश्नाचे मर्म येथे आहे. आपल्याला वाटते की चारा कमी पडला तर दूध कमी होईल आणि विषय संपेल. तसे घडत नाही. व्यालेली मादी प्रथम दूध देते आणि मग स्वतःचा विचार करते. सृष्टीने तिची घडणच तशी केली आहे. गव्हाणीत जे नाही ते ती आपल्या मांसातून आणि हाडांतून काढून देत राहते. आठ लिटर दुधाबरोबर सुमारे १५ ग्रॅम कॅल्शियम शरीराबाहेर जाते, आणि तिच्या साऱ्या रक्तात एका वेळी ते असते जेमतेम तीन-चार ग्रॅम. बाकीचे कोठून येते? आहारातून, नाही तर अस्थींतून. व्याल्यानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत चीक एकदम उतरतो, आणि शरीराला हा पुरवठा वेळेवर जमला नाही तर उत्तम दुधाळ म्हैसच अकस्मात बसते; मान कुशीकडे वळवते, कान गार पडतात, डोळे निस्तेज होतात. यालाच दुग्धज्वर म्हणतात, जरी अंग तापण्याऐवजी थंडच पडत असले तरी. पशुवैद्याने वेळेवर येऊन शिरेतून कॅल्शियम दिले तर तीच म्हैस तासाभरात उठून उभी राहते. उशीर झाला तर ती उठत नाही. स्फुरद कमी पडले तर व्याल्यानंतर काही आठवड्यांत लघवी लाल होते, रक्तातील तांबड्या पेशी फुटून जातात. खेड्यातील माणसे यास दृष्ट म्हणतात. दृष्ट काढण्यास कोणाची हरकत नसावी. मात्र वैद्याला बोलावणे त्याआधी धाडावे.

पुढे नोकरीनिमित्त मी किनाऱ्याकडे आलो आणि गव्हाण बदललेली पाहिली. येथे कडब्याच्या जागी भाताचा पेंढा. त्यात ऑक्झलेट असते, आणि ते आहारातील कॅल्शियमला बांधून ठेवते. म्हणून पेंढ्यावरच्या जनावराला क्षारमिश्रणाची गरज अधिकच. येथेच मी आमच्या मुलखात न दिसणारे आणखी एक दुभते पाहिले. दुभते हा शब्द मी जाणून वापरतो, कारण अंडी घालणारी बदके आणि दूध देणारी म्हैस यांचा कायदा एकच आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अंडे येत नाही. परंतु जे म्हशीच्या कासेत झाकलेले राहते ते बदकाच्या अंड्यात उघडे दिसते, एवढ्यासाठी ते पाहण्यासारखे आहे.

बदकीचे अंडे सुमारे ७० ग्रॅमचे. त्याचे कवच सहा-सात ग्रॅम, आणि त्यात अडीच ग्रॅमांच्या आसपास शुद्ध कॅल्शियम. दीड-दोन किलोंचा तो पक्षी हंगामात जवळजवळ रोज एवढा चुना बाहेर टाकतो. तांदळाच्या किंवा भाताच्या दाण्यात चुना नावापुरताच असतो. म्हणून नुसत्या दाण्यावर ठेवलेली बदकी प्रथम आपली हाडे झिजवते, मग पातळ कवचाची अंडी घालते, शेवटी कवचाविना मऊ अंडे टाकते आणि स्वतः पायांवरून जाते. उपाय किनाऱ्यावर पायाशी पडलेला असतो, तो म्हणजे शिंपल्यांचा चुरा. तो वेगळ्या भांड्यात ठेवला की अंडी घालणारी बदकी लागेल तेवढा आपणच वेचून खाते. तिच्या आहारात प्रथिने शेकडा सोळा ते अठरा आणि कॅल्शियम तीनच्या आसपास असावे असे शास्त्र सांगते. नायसिन नावाचे जीवनसत्त्व तिला कोंबडीहून अधिक लागते. ते नसले तर पिलांचे पाय वाकतात. शिवाय चोच पूर्ण बुडेल इतके खोल पाणी जवळ असल्यावाचून तिला कोरडे अन्न नीट गिळता येत नाही, नाकपुड्याही स्वच्छ ठेवता येत नाहीत. केरळातील कुट्टनाड भागात भाताची कापणी झाली की बदकांचे थवेच्या थवे शेतांतून फिरवतात. सांडलेला दाणा, गोगलगाई, किडे असे सर्व काही त्यांना तेथे मिळते. प्रथिने आणि चुना कोठे मिळेल हे मोकळ्या बदकाला कळते. आपण त्याला कोंडले की ते कळण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

बदकांचे मानवजातीवर आणखी एक उपकार आहेत, आणि त्यांचा संबंध थेट आपल्या आंबोणाशी पोहोचतो. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अल्पावधीत मेले. बदकांची पिलेही मेली. शोध घेता घेता तो ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपाशी येऊन थांबला. पेंडीला बुरशी लागली होती, आणि त्या बुरशीने निर्माण केलेल्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. बदकाचे पिलू या विषाला इतके हळवे की प्रारंभीच्या काळात विषाची परीक्षा करण्यासाठी त्यालाच वापरीत. म्हैस अशा पेंडीने एकदम मरत नाही. पण तिचे यकृत बिघडते, आणि विषाचा काही अंश रूप पालटून दुधात उतरतो. दूध तापवल्याने तो जात नाही. पावसाळ्यात ओल लागून काळी-हिरवी पडलेली पेंड 'जनावरालाच तर घालायची' म्हणून स्वस्तात आणणारे लोक आहेत. ती पेंड शेवटी देवाच्या अभिषेकाच्या दुधात आणि लेकराच्या वाटीत येते, हे त्यांना कोणी तरी सांगितले पाहिजे.

हे सारे पाळणाऱ्याचे झाले. परंतु क्षेत्राच्या ठिकाणी जनावराला घास घालणारा मालक एकटाच नसतो. तेथे येणारा प्रत्येक यात्रेकरू थोडा थोडा पाळणारा होतो, आणि आपण सर्व त्यात येतो. गाय दिसली की गोग्रास द्यावा ही आपली जुनी, सुंदर रीत. घरी स्वयंपाक झाला की पहिला घास गाईचा, आणि तो घास म्हणजे एक पोळी किंवा एक भाकरी. एका गाईला एका घरची एक पोळी कधी बाधली नाही. आज एकेका उत्सवाला हजारो माणसे येतात, दारावर गाई चार-पाच असतात, आणि प्रत्येकाला पुण्य हवे असते. मग पुरणपोळ्या, भात, शिरा, कणकेचे गोळे, गूळ यांचा गाईपुढे ढीग पडतो. गाय नाही म्हणत नाही.

तिच्या पोटात काय होते ते समजून घेण्यासारखे आहे. गाई-म्हशींच्या पोटाचा पहिला कप्पा शंभर लिटरांहूनही मोठा असू शकतो, आणि त्यात असंख्य सूक्ष्म जीव चारा आंबवून त्याचे अन्न करीत असतात. जनावर लांब काडीचा चारा खाते, मग निवांत बसून दिवसाचे सहा ते आठ तास रवंथ करते. या रवंथाबरोबर शंभर लिटरांच्या आसपास लाळ पोटात जाते. लाळेत सोड्यासारखा क्षार असतो. तो पोटातील आम्ल सौम्य ठेवतो. ही सगळी व्यवस्था काडीवर उभी आहे. मऊ भात आणि पुरण यांना रवंथ लागत नाही. म्हणून लाळ सुटत नाही. उलट ते झपाट्याने आंबतात, आम्ल वाढत जाते, चारा पचवणारे जीव मरतात, आणि जनावर रवंथ सोडते. पोट फुगते, पातळ शेण होते, पाय लटपटतात, आणि अति झाले असेल तर एक-दोन दिवसांत सारे संपते.

एका क्षेत्री महाप्रसादानंतर उरलेला भात आणि लापशी टोपल्यांनी गाईंपुढे ओतलेली मी पाहिली आहे. क्षेत्राचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. हे कोठेही घडते. ओतणारी माणसे थकलेली होती, पण त्यांचे चेहरे प्रसन्न होते; अन्न वाया जाऊ नये आणि मुक्या जीवाचा आत्मा तृप्त व्हावा, यापलीकडे त्यांच्या मनात काही नव्हते. त्यांतील एक गाय गाभण होती. दुसऱ्या रात्री ती गेली. सकाळी तिच्याभोवती जमलेल्या बायकांनी हळदकुंकू वाहिले, आणि एक वृद्ध गृहस्थ म्हणाले की देवाच्या दारी मरण आले, भाग्याची होती. मला त्या गृहस्थांच्या श्रद्धेविषयी आदर आहे. परंतु मालक मात्र काही न बोलता खाली बसून होता, आणि त्याच्या हातात रिकामे दावे होते.

गाणगापूर हे मधुकरीचे क्षेत्र आहे. माध्यान्ही श्रीगुरू तेथे भिक्षेस येतात या श्रद्धेने आजही यात्रेकरू झोळी घेऊन पाच घरी मधुकरी मागतात, आणि भिक्षा घालणारेही त्याच श्रद्धेने घालतात. या शब्दात मधुकर आहे, म्हणजे भुंगा. तो फुलाफुलांतून थोडे थोडे घेतो, कोणत्याही फुलाला इजा करीत नाही, आणि त्याच्या घेण्याने बाग उजाड होत नाही. मला वाटते की दुभत्या जनावराशी आपला व्यवहार या एका शब्दात सांगता येईल. घेणे मधुकरीसारखे असावे. रेडकाचा वाटा त्याच्यासाठी सोडून, आणि आईच्या हाडांना हात न लावता. आणि देणेही मधुकरीसारखेच असावे. घालणाऱ्याला सोयीचे असेल ते नव्हे, घेणाऱ्याच्या पोटाला मानवेल तेच, आणि मानवेल तेवढेच. अतिथीला पथ्य असेल तर आपण पानात तूप वाढण्याचा आग्रह धरीत नाही. मग गाईच्या पथ्याविषयीच आपण इतके उदासीन का असावे?

व्यवहारात हे अवघड नाही. क्षेत्री जाताना गाईसाठी घरून गोड पदार्थ नेण्यापेक्षा तेथील शेतकऱ्याकडून कडब्याची पेंडी किंवा हिरव्या चाऱ्याची मोळी विकत घ्यावी; चार पैसे त्याला मिळतील आणि गाईला काडी मिळेल. चारा जोंधळ्याचा असेल तर तो फुलोऱ्यावर आलेला असावा. कोवळ्या आणि पाण्याअभावी खुरटलेल्या जोंधळ्यात विष असते. 'किरळ लागली' असे शेतकरी म्हणतात ते त्याविषयीच. जनावर म्हातारे असेल, दात झिजले असतील, तर कडब्याची कुट्टी करून, भिजवून द्यावी. पोळीचा घास घालावयाचाच असेल तर तो एकच असावा, आणि मालकाला विचारून घालावा. प्लॅस्टिकच्या पिशवीसकट अन्न कधीही टाकू नये. पिशवी गाईच्या पोटात जाते आणि तेथून निघत नाही. आणि ज्या देवस्थानांच्या आवारात गाई आहेत त्यांनी प्रसादाच्या मंडपाशेजारी एक गव्हाण बांधून तीत चारा ठेवावा, म्हणजे आलेल्या भक्ताला आपल्या हाताने गोग्रास घालता येईल आणि त्याची इच्छाही अपुरी राहणार नाही.

आजीच्या गोठ्यात शेवटी एकच म्हैस उरली होती. तिचेही दात गेले होते आणि ती आटून दोन वर्षे झाली होती. घरातील तरुण मंडळींनी विकण्याची गोष्ट काढली तेव्हा आजीने वाद घातला नाही. ती रोज संध्याकाळी कुट्टी भिजवी, तीत थोडी चुणी मिसळी, आणि घमेले पुढे सरकवून उभी राही. त्या म्हशीने पुन्हा दूध दिले नाही. वर्षभराने पावसाळ्याच्या तोंडी ती गेली, आणि जाण्याच्या आदल्या दिवसापर्यंत तिचे घमेले रिकामे होत असे.